हिशेब मागणारे मेंबर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडले की समोर मुंबई महापालिकेची दगडी इमारत दिसते. ज्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी स्थानक उभारले त्यांनीच ही इमारतही रेखली आणि १८९३ मध्ये ती पुरी झाली. तिच्यापुढचा पुतळा फिरोजशहा मेहता यांचा आहे. काही संक्षिप्त चरित्रांत ते १८७३ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते असे लिहिलेले आढळते. ते खरे नाही. ते त्या वर्षी महापालिकेचे सदस्य झाले, त्या काळच्या बोलीत सांगायचे तर म्युनिसिपालिटीचे मेंबर. पुढे चाळीसहून अधिक वर्षे, १९१५ च्या नोव्हेंबरात मृत्यू होईपर्यंत, त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा मुक्काम मुख्यतः याच संस्थेत राहिला. १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले. या कामाला पगार नव्हता, आणि गटार बांधण्याचा किंवा शिपाई नेमण्याचा हुकूम काढण्याचा अधिकारही नव्हता. काँग्रेसचे अध्यक्षपद, कायदे कौन्सिल, विद्यापीठ हे सगळे त्यांच्याकडे आले, पण शहराने त्यांचा पुतळा उभा केला तो या दारात, आणि ही जागा अगदी योग्य आहे. मुंबईचा नगरसेवक आजही ज्या चौकटीत बसून काम करतो ती चौकट घडवण्यात या एका माणसाचा हात सर्वांत मोठा आहे. त्याच चौकटीवरून त्यांच्यावर एक आरोपही होतो. शहराचा लगाम त्यांनी लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती दिला नाही, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती राहू दिला, आणि मुंबईचा महापौर आज नुसता मानाचा धनी आहे त्याचे मूळ तिथे आहे, असा तो आरोप. मला तो चुकीच्या जागी केलेला वाटतो. मेहतांच्या विचारात उणीव होती, पण ती इथे नव्हती. ती कुठे होती हे कळायचे तर त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभापासून पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचा कारभार कसा चालावा याचे प्रयोगांवर प्रयोग झाले. १८४५ मध्ये शहराच्या सफाईसाठी एक मंडळ नेमले गेले. ते निष्प्रभ ठरल्यावर १८५८ च्या कायद्याने तीन कमिशनरांकडे कारभार सोपवला. तिघांचा अधिकार सारखा आणि म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही, अशी त्याची गत झाली. मग १८६५ मध्ये नवा कायदा आला. शहरातल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींना, म्हणजे सरकारने नेमलेल्या शेकडो प्रतिष्ठितांच्या ‘बेंच’ला, कायद्याने संस्थेचे रूप मिळाले आणि सगळी अंमलबजावणी एकाच म्युनिसिपल कमिशनरकडे गेली. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. हा माणूस धडाडीचा होता. त्याने रस्ते रुंद केले, साचलेली घाण उपसली, कत्तलखाने शहराबाहेर हलवले आणि १८६९ मध्ये ज्याला आपण अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतो ती मंडई उभी केली. मात्र खर्चाला त्याने मागेपुढे पाहिले नाही. त्यात १८६५ च्या उन्हाळ्यानंतर कापसाचा फुगा फुटला, शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, घरमालकांची भाडी उतरली आणि कर मात्र चढत राहिले. बेंच म्हणजे एक मोठा, विस्कळीत जमाव होता. पुष्कळ जस्टिस सभेला येतच नसत, आणि जे येत ते कमिशनरने मांडलेले अंदाजपत्रक बहुधा मान डोलावून मंजूर करत. पैसे अपुरे पडले की जादा मंजुरी मागितली जाई आणि तीही मिळे. घरपट्टीचे बिल हातात पडल्यावर मग घरमालक खडबडून जागे होत.

१८७१ मध्ये या असंतोषाचा भडका उडाला. करदात्यांच्या बाजूने जेम्स फोर्ब्ससारखे युरोपीय व्यापारी होते आणि नवरोजी फर्दुनजींसारखे जुने, खरेखुरे लोकनिष्ठ कार्यकर्तेही होते. त्यांची मागणी समजायला सोपी होती. क्रॉफर्ड उधळ्या आहे, सबब कमिशनरचे पद मोडा आणि कारभार निवडक जस्टिसांच्या समितीकडे द्या. सभेमागून सभा होत होत्या आणि वातावरण असे होते की या मागणीला विरोध करणारा आपोआप क्रॉफर्डचा भाट ठरावा. अशा वेळी विलायतेहून बॅरिस्टर होऊन तीनच वर्षे झालेला एक तरुण विरोधात उभा राहिला. वय २६. १८७१ च्या नोव्हेंबरात धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने मुंबईच्या म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला, तोही प्रतिकूल श्रोत्यांपुढे. त्याच्या मांडणीचा आशय असा होता: कारभार बिघडला तो कमिशनर एकटा होता म्हणून बिघडलेला नाही. त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम ज्या बेंचचे, तिने ते केले नाही म्हणून बिघडला. समितीच्या हाती अंमल दिला तर तीन कमिशनरांच्या काळात झाले तेच पुन्हा होईल. तेव्हा अंमल एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवा, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली महापालिका बसवा. तिच्यातून एक लहान मंडळ काढा, त्याने वर्षभर पैशाचा चोख हिशेब घ्यावा, आणि जमाखर्च तपासायला वेगळा माणूस असावा.

या निबंधातली कळीची गोष्ट निवडणूक ही होती. फोर्ब्स आणि त्यांच्या सोबत्यांना सत्ता एका अधिकाऱ्याच्या हातून काढून घ्यायची होती, पण ती द्यायची होती सरकारनियुक्त जस्टिसांपैकीच काहींना. मेहतांनी अधिकारी जिथल्या तिथे ठेवला आणि ज्यांच्यापुढे त्याने उभे राहायचे ती माणसेच बदलायला निघाले. अंमल करणारा एक असावा आणि जाब विचारणारे अनेक असावेत, ही ती विभागणी. ज्याने काम करायचे त्यानेच त्या कामाचा जाब विचारायचा अशी सोय झाली की जाब विचारलाच जात नाही, हे तीन कमिशनरांच्या काळात शहराने पाहिले होते. त्या क्षणी लोकप्रिय होण्याचा मार्ग सोडून या तरुणाने कायद्याची मांडणी बारकाईने तपासली, हे मला त्याच्या पुढच्या कोणत्याही गाजलेल्या भाषणापेक्षा मोलाचे वाटते.

यावर एक टोकदार हरकत घेता येते आणि मराठी वाचकाला ती लगेच सुचेल. ज्या क्रॉफर्डच्या पदासाठी मेहता भांडले तोच क्रॉफर्ड पुढे १८८८ मध्ये मध्य विभागाचा कमिशनर असताना लाचखोरीच्या प्रकरणात सापडला. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांच्या नोकऱ्यांवर गदा आली, टिळकांनी त्यांची बाजू घेतली आणि ते प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. मग १८७१ चे करदातेच माणूस ओळखण्यात अधिक शहाणे ठरले असे म्हणायचे का? माणसाबद्दल म्हणायचे तर होय. पण मेहतांचा युक्तिवाद माणसाच्या सचोटीवर उभाच नव्हता. तो उलट गृहीतकावर उभा होता: अधिकारी कर्तबगार असो की लबाड, त्याची तपासणी रोजच्या रोज झाली पाहिजे आणि ती करणारा त्याच्या मर्जीतला नसला पाहिजे. क्रॉफर्डचे पुढचे प्रकरण घडले तिथे, म्हणजे महसूल खात्यात, लोकांनी निवडलेले असे कोणतेही मंडळ नव्हते. तिथे वरचा साहेब आणि खालचा मामलेदार यांच्यामध्ये हिशेब विचारणारे कुणीच उभे नव्हते. क्रॉफर्डच्या अधःपातातून सिद्ध काही होत असेल तर निवडलेल्या पहारेकऱ्यांची गरजच सिद्ध होते.

१८७२ चा कायदा मेहतांच्या आराखड्याच्या बराच जवळ गेला. ६४ सदस्यांची महापालिका झाली. त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे. जमाखर्चावर नजर ठेवायला १२ जणांची टाउन कौन्सिल आली. कमिशनर राहिला आणि त्याची नेमणूक सरकारकडेच राहिली. खरी कसोटी लागली ती १८८८ मध्ये, नव्या कायद्याच्या वेळी. तोपर्यंत मेहता कायदे कौन्सिलात पोचले होते आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्या जोडीला होते. मूळ मसुद्याचा कल असा होता की महापालिका, तिची समिती आणि कमिशनर या तिन्ही सत्ता एकमेकींच्या बरोबरीच्या मानाव्यात. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला असता की कमिशनरने सभागृहाला उत्तर देण्याचे कारणच उरले नसते. मेहता आणि तेलंग या मुद्द्यावर अडून बसले. अखेर कायद्यात आले ते असे: शहराचे म्युनिसिपल शासन महापालिकेच्या ठायी राहील आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याची सत्ता कमिशनरकडे राहील. मालक कोण आणि कारभारी कोण हे त्या कलमाने शब्दांत नोंदवले. कमिशनर नेमणार सरकार, पण महापालिकेच्या एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांशांनी त्याच्याविरुद्ध मत दिले तर सरकारने त्याला हटवलेच पाहिजे, हेही कायद्यात आले. सदस्यसंख्या ७२ झाली. टाउन कौन्सिलच्या जागी १२ जणांची स्थायी समिती आली, तिच्यातले आठ महापालिकेचे आणि चार सरकारचे. दुरुस्त्या होत होत तोच कायदा मुंबईत अजून लागू आहे.

या रचनेत मेंबराच्या हाती नेमके काय येते हे जवळून पाहिले पाहिजे, कारण बाहेरून ते फारच थोडे वाटते. कमिशनर पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार करतो, पण ते आधी स्थायी समितीपुढे मांडावे लागते. समिती एकेका बाबीवर बसते, रकमा कमीजास्त करते आणि मग ते सभागृहात जाते. ठरावीक रकमेवरचे कंत्राट समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला की मेंबर विचारू शकतो की निविदा किती आल्या, सर्वांत कमी दराची का नाकारली, हेच काम गेल्या साली काय भावाने झाले. उत्तर पटले नाही तर प्रस्ताव फेरविचारासाठी परत जातो, किंवा दप्तरी दाखल होतो. सभागृहात हरकतीचा मुद्दा आहे, ठरावाची सूचना आहे, सभा तहकुबी आहे. यांतल्या एकाही हत्याराने एक वीट रचता येत नाही. पण ज्याला कायद्याची कलमे पाठ आहेत, मागच्या दहा वर्षांचे आकडे ज्याच्या जिभेवर आहेत आणि जो सभा चुकवत नाही, त्याच्यापुढे कोणताही अधिकारी टिपणी सैल लिहून आणण्याचे धाडस करत नाही. मेहतांची शहरावरची हुकमत ती हीच. लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत, आणि तो दरारा बॅरिस्टरी आवाजाचा होता तेवढाच तयारीचाही होता.

पोलीस खर्चाचे उदाहरण घ्या. शहराच्या पोलिसांवर महापालिकेचा काडीचा ताबा नव्हता, पण त्यांच्या खर्चाचा बोजा मात्र तिच्या तिजोरीवर टाकलेला होता. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला: ज्या खात्याचा कारभार आमचा नाही त्याचे बिल आमच्या नावावर का? शेवटी १९०७ मध्ये कायदा होऊन पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षणाची व काही वैद्यकीय सेवांची जबाबदारी महापालिकेने पूर्णपणे घेतली. शहराच्या करातून शाळा चालाव्यात, शिपायांच्या लाठ्या नव्हेत, हा बदल सभागृहात आकडे मांडमांडून घडला आहे. मुंबईच्या म्युनिसिपल शाळांचा इतिहास लिहिताना हा करार पहिल्या प्रकरणात यायला हवा.

ही वाट बरोबर होती का याचा पडताळा कलकत्त्याशी तुलना केल्यावर मिळतो. तिथल्या महापालिकेत १८८८ च्या कायद्याने ७५ पैकी ५० सदस्य निवडून येत, म्हणजे लोकनियुक्तांचे प्रमाण मुंबईहून जास्त होते. पण सभागृह आणि अंमल यांच्या सीमा तिथे इतक्या गुंतलेल्या होत्या की दिरंगाई आणि गोंधळ यांचे खापर लोकप्रतिनिधींवर फोडणे सरकारला सोपे गेले. १८९९ च्या कायद्याने निवडलेल्यांची संख्या निम्म्यावर, २५ वर आणली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सदस्यांनी राजीनामे दिले. मुंबईच्या घटनेवर सरकारला असा घाव घालता आला नाही. मुंबईचे राज्यकर्ते अधिक उदार होते असे मानायला काही आधार नाही. इथे कारभार फसला तर आपणच नेमलेल्या कमिशनरकडे बोट जाईल हे त्यांना ठाऊक होते, आणि सभागृहाला दोष द्यावा इतका अंमल सभागृहाकडे नव्हताच.

मुंबईत सरकारने मग दुसरा रस्ता धरला. चौकट मोडता येत नाही तर तिला वळसा घालून जायचे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा रोगी सापडला. हा प्लेग आहे हे ओळखून शहराला सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस गोव्याच्या हडफड्याचे, आणि ते स्वतः महापालिकेचे सदस्य होते. पुढे १९०६ मध्ये ते तिचे अध्यक्षही झाले. म्हणजे ज्या संकटाचा पहिला इशारा निवडून आलेल्या एका मेंबराने दिला, त्या संकटाचा बंदोबस्त मात्र सरकारने १८९७ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या हातून काढून जनरल गेटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे दिला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला रँड काय करत होता हे आपण जाणतोच. प्लेग ओसरायच्या आत, १८९८ मध्ये, शहरातल्या दाट वस्त्या मोडून नवे रस्ते काढण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या १४ विश्वस्तांपैकी महापालिकेने निवडलेले फक्त चार. शहराची जमीन, शहराचा पैसा, आणि निर्णय घेणारे बहुसंख्य बाहेरचे. हा ट्रस्ट महापालिकेत विलीन व्हायला १९३३ साल उजाडावे लागले. संकट आले की आधी निवडलेल्यांना बाजूला सारायचे, ही सवय सरकारला तेव्हा लागली. या सवयीचा दोष १८७१ च्या निबंधाला लावता येत नाही. दोष आहे तो कमिशनरच्या नेमणुकीची किल्ली सरकारच्या खिशात राहिली याचा, आणि कायदा वळसा घालून ओलांडता येतो याचा.

मेहतांचा अडसर दूर करण्याचा उघड प्रयत्न १९०७ मध्ये झाला. अकाउंटंट जनरल, कलेक्टर, पोलीस कमिशनर, खुद्द म्युनिसिपल कमिशनर आणि टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मिळून जस्टिसांच्या मतदारसंघात एक गट बांधला. त्या मतदारसंघात जागा १६ होत्या, आणि मेहता सतराव्या क्रमांकावर फेकले गेले. शहरात संतापाची लाट उठली, जाहीर सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरला आणि ती जागा मेहतांना मिळाली. ज्या अधिकाऱ्याने सभागृहाला हिशेब द्यायचा त्यानेच हिशेब मागणाऱ्याला पाडण्याच्या कटात सामील व्हावे, ही मेहतांच्या मेंबरकीला मिळालेली सर्वांत बोलकी पावती आहे. पण याच प्रसंगाला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मुंबईचा हा अनभिषिक्त राजा कोणत्या मतदारांपुढे उभा होता? गिरगाव-परळच्या करदात्यांपुढे नव्हे. सरकारने नेमलेल्या जस्टिसांपुढे.

मेहतांच्या विचारातली खरी उणीव इथे आहे. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजारांच्या घरात होती. महापालिकेसाठी मत मिळाले ते ठरावीक रकमेपेक्षा जास्त कर भरणाऱ्यांना, आणि ते वस्तीच्या एक टक्कासुद्धा नव्हते. गिरणीत खपणारा, चाळीतल्या एका खोलीत पाच-सात जणांसह राहणारा माणूस भाड्यातून घरमालकाची घरपट्टी भरत होता, पण करदाता म्हणून त्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते. मेहतांनी हिशेब मागण्याचा हक्क अतिशय सूक्ष्मपणे मांडला आणि हिशेब कुणी मागायचा हा प्रश्न मात्र सोडून दिला. त्याचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. सभागृहात घरमालकांचा भरणा असताना हवा-उजेडाचे नियम कडक कसे व्हावेत? करवाढ रोखणारे हात जितके मजबूत होते तितके चाळीत मोरी, संडास आणि नळ मागणारे नव्हते. १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले, पण प्लेगने झोडपल्या त्या वस्त्यांत अंधार आणि दाटी तशीच होती.

त्या काळी इतकेच सुचणे शक्य होते, असे या उणिवेचे समर्थन केले जाते. ते मला पटत नाही, कारण शंभर मैलांवर पुण्यात त्याच दशकात एक मेंबर वेगळे प्रश्न विचारत होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरीही व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणत ते एकटे विरोधात उभे राहिले. तंत्र तेच: पैशाची एक बाब धरायची आणि तिच्यावर हिशेब मागायचा. पण मेहतांच्या तोंडी तो हिशेब करदात्याचा होता, आणि फुल्यांच्या तोंडी तो ज्याच्या अंगाला म्युनिसिपालिटीचा पैसा कधी लागलाच नाही त्याचा होता. क्रॉफर्डने मुंबईत बांधलेल्या मंडईला आणि पुण्याच्या जुन्या रे मार्केटला, दोन्हींना आज फुल्यांचे नाव आहे. मताचा हक्क पुढे हळूहळू खाली झिरपला. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूपर्यंत तो आला, आणि १९४८ ची महापालिका निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. मेहतांनी बांधलेले सभागृह आणि फुल्यांनी विचारलेला प्रश्न यांची गाठ मुंबईत खऱ्या अर्थाने त्या वर्षी पडली.

राहिला आरंभीचा आरोप, दुबळ्या महापौराचा. त्यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला. निवडलेल्यांपैकी मोजक्यांच्या हाती अंमल द्यायचा, मंत्रिमंडळासारखा. वर्षभरात तो गुंडाळला गेला. एवढ्याशा अवधीवरून कोणत्याही पद्धतीचा निकाल लावू नये, आणि कलकत्त्यात अशी पद्धत १९८० च्या दशकापासून चालत आली आहे हेही खरे. पण परिषदेत नसलेल्या साध्या नगरसेवकाचे काय, हा प्रश्न तिच्या पुरस्कर्त्यांनी पुरेसा गंभीरपणे घेतलेला दिसत नाही. बहुमताच्या परिषदेने कंत्राट द्यायचे आणि त्याच बहुमताने त्याची तपासणी करायची, ही फोर्ब्स यांच्या १८७१ च्या समितीचीच नवी आवृत्ती होऊ शकते. स्थायी समितीत टक्केवारी चालते असा बोभाटा आहे आणि तो निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तो रोग मंजुरी देणाऱ्यांना आला आहे, मंजुरी आवश्यक असण्याला नाही. समितीने प्रश्न विचारणे सोडले आणि वाटा मागायला सुरुवात केली, तर समिती काढून टाकल्याने प्रश्न विचारले जाऊ लागत नाहीत. बदल करायचाच तर कमिशनरच्या नेमणुकीत सभागृहाचा शब्द असावा, ही मागणी मला अधिक मुळाला हात घालणारी वाटते. मेहतांच्या रचनेत जी फट राहिली ती नेमकी तिथे आहे.

ती फट किती रुंद आहे हे मार्च २०२२ नंतर दिसले. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. राज्यघटनेतले ७४ व्या दुरुस्तीचे कलम सांगते की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. ती जवळपास चार वर्षे झाली नाही. २२७ नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, स्थायी समिती उरली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. ज्या इमारतीपुढे मेहतांचा पुतळा आहे त्याच इमारतीत देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने मांडले आणि आयुक्तांनीच, प्रशासक या नात्याने, मंजूर केले. कंत्राटेही तशीच: प्रस्ताव करणारा तोच, मंजुरी देणाराही तोच. क्रॉफर्डच्या सत्तेला सीमा नव्हती असे १८७१ चे करदाते ओरडून सांगत होते. पण वर्षाचा खर्च मांडताना क्रॉफर्डलासुद्धा कागद घेऊन बेंचपुढे उभे राहावे लागे.